मैदानापर्यंत पोहोचणारी पदवी

(चांदवड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगायची आणि दोराची लांबी वावात. दोन्ही हात ताठ पसरले की एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत जे अंतर भरतं, तो एक वाव. विहिरीवर काम करणाऱ्याला त्यासाठी पट्टी लागत नसे, त्याचं शरीरच माप होतं.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा एक तरुण वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. त्याचं नाव दत्तू बबन भोकनळ, जन्म 1991 चा. गाव असं की पाण्यासाठी आभाळाकडे बघायचं. तळं, नदी, होडी यांच्याशी या मुलाचा काही संबंध येण्याचं कारणच नव्हतं. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला. पुण्यात त्याच्या हाती पहिल्यांदा वल्हं आलं, तेव्हा त्याचं वय 21 होतं आणि पाण्याची भीती वाटत होती. पुढच्या चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनाच्या एकेरी स्कल्स प्रकारात उतरला आणि जगात 13 वा आला. 2018 मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या शर्यतीच्या दिवशी आजारपणाने त्याची ताकदच गेली होती. दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तो चौघांच्या होडीत बसला आणि भारताला सुवर्णपदक मिळालं.

नौकानयनाच्या प्रशिक्षकाला खेळाडूत प्रथम काय दिसतं? उंची, छातीचा भाता, पायांची ताकद आणि हातांची पसरण. वाव जितका लांब, तितकी वल्ह्याची ओढ लांब. विहिरीवर घडलेलं हे शरीर कशासाठी योग्य आहे, हे लष्करी प्रशिक्षकांनी ओळखलं. आजच्या व्याख्यानाचा विषय विद्यापीठांतलं शारीरिक शिक्षणाचं पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण, त्याचा धांडोळा, असा आहे. त्याची सुरुवात या गोष्टीने करण्याचं कारण सरळ आहे. मुलांची शरीरं वाचायला शिकवणारं एक शास्त्र महाराष्ट्राच्या विद्यापीठांत कित्येक दशकं शिकवलं जात आहे. ते शास्त्र तालुक्याच्या मैदानापर्यंत किती पोहोचलं, हाच या धांडोळ्यातला मुख्य प्रश्न.

होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती, चांदवडी रुपया दूरवर चालायचा. सराफ रुपया हातात घेतला की आधी वाजवून बघायचा. पदवीचं नाणंही असंच वाजवून बघायला हवं.

आपल्याकडे ही पदवी कशी आली, ते आधी पाहू. आपली पहिली विद्यापीठं म्हणजे तालमी. बाळंभटदादा देवधरांना मल्लखांबाची कल्पना आपल्या शेजारच्या सप्तशृंगगडावर सुचली, अशी आख्यायिका मल्लखांबाच्या आखाड्यांत सांगतात. तालमीत ज्ञान उस्तादाच्या अंगात असायचं आणि बघून, करून, मार खाऊन शिष्याच्या अंगात उतरायचं. त्याला कागद नव्हता. कागद आला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, आणि तो आणणाऱ्यांत मराठी माणसं पुढे होती.

बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा विद्यार्थी घडला. पुढे तो स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखला गेला. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपत्र सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या यंत्राने तपासलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात उणा दाब तयार होतो, हे त्यांना दिसलं आणि त्यांनी त्याला आपल्या गुरूंच्या, माधवदासजींच्या नावाने ओळख दिली. गुरूने सांगितलेली गोष्ट मोजून बघणं आणि मोजलेलं छापणं, आजच्या एम.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या, लघुप्रबंधाचं मूळ इथे आहे.

त्याच बडोद्यात आबासाहेब मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हाती घेतला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बनेटी, आसनं, देशी खेळ, परदेशी खेळ असं सगळं त्यात आलं. दहा खंड, तेही मराठीत. शारीरिक शिक्षणाचं शास्त्र मराठीत मांडता येतं का, हा प्रश्न आज कुणी विचारला तर त्याला हे दहा खंड दाखवावेत.

अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान आखाडा सुरू केला. त्याचं पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ जगापुढे करून दाखवले. 1949 मध्ये मंडळाचे लोक स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवाला गेले. 1967 मध्ये तिथे शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय उभं राहिलं. आखाड्याची माती आणि विद्यापीठाचं प्रमाणपत्र एकाच आवारात नांदतात, असं देशातलं हे एक ठळक ठिकाण आहे.

दुसरा प्रवाह समुद्रापलीकडून आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएची प्रशिक्षण संस्था होती. जेम्स नेस्मिथने 1891 मध्ये बास्केटबॉल शोधून काढला तो तिथेच. तिथे शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी संस्था काढली. भारतातल्या शाळांत पीटीची कवायत, खेळाचे नियम, मैदानाची आखणी पसरली, त्यात या संस्थेतून शिकून गेलेल्या शिक्षकांचा वाटा मोठा आहे.

हे दोन प्रवाह मुंबई इलाख्यात एकत्र आले. प्रांतिक सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली होती. 1938 मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि पी. एम. जोसेफ तिचे प्राचार्य झाले. पुढे 1957 मध्ये, पहिल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीला, केंद्र सरकारने ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून जोसेफ यांनाच बोलावलं. तिथे बारावीनंतरच्या पदवीसारखा स्वतंत्र तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. 1963 मध्ये पदव्युत्तर पदवी आली, 1980 मध्ये एम.फिल. आलं. 1995 मध्ये ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली. बी.ए. झाल्यावर एक वर्षाचा कोर्स करून पीटीचे सर होण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ही वाट वेगळी होती. शारीरिक शिक्षण हा स्वतंत्र ज्ञानविषय आहे, हे तिथे मान्य झालं.

पण तो खरंच ज्ञानविषय आहे का, यावर त्याच सुमारास अमेरिकेत मोठा वाद पेटला. हा वाद आपल्यालाही लागू आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगायला हवा.

हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी अमेरिकेतल्या शिक्षक-प्रशिक्षणाची पाहणी केली आणि 1963 मध्ये पुस्तक लिहिलं. शारीरिक शिक्षणातले पदव्युत्तर अभ्यासक्रम पाहून त्यांचा पार भ्रमनिरास झाला होता. हे अभ्यासक्रम बंदच करावेत, इतक्या टोकाला ते गेले. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले फ्रँकलिन हेन्री यांनी उत्तरादाखल एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं होतं: हालचाल करणारं मानवी शरीर हा अभ्यासाचा विषय आहे. त्याचं शरीरक्रियाशास्त्र आहे, यंत्रशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, इतिहास आहे. या सगळ्यांना एका विषयात बांधणारी शाखा विद्यापीठात असायला हवी आणि ती केवळ शिक्षक तयार करण्यापुरती नसावी.

हेन्रींची भूमिका टिकली. पुढच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षण विभागांची नावं बदलली आणि कायनेसिऑलॉजी, म्हणजे हालचालशास्त्र, हे नाव रूढ झालं. व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, क्रीडा मानसशास्त्र अशा उपशाखा फुलल्या. तिथल्या कायनेसिऑलॉजी अकादमीकडून पीएच.डी. अभ्यासक्रमांचं ठरावीक वर्षांनी मूल्यांकन होतं. त्यात अध्यापकांचे शोधनिबंध, त्यांनी मिळवलेला संशोधन निधी अशा गोष्टी मोजल्या जातात.

या यशाची किंमतही मोजावी लागली. प्रयोगशाळा वाढल्या, शाळा मागे पडली. मुलांना खेळ शिकवणारा शिक्षक हा त्या विभागांत धाकटा भाऊ ठरला. आणि ज्या बर्कलीत हेन्री शिकवत होते, तिथला विभाग 1990 च्या दशकात बंद झाला. शास्त्र म्हणून उंची गाठताना मैदानाशी असलेला धागा सैल झाला, तर विषय एका बाजूला कलंडतो. आपल्याकडे नेमकी उलटी अडचण आहे. मैदान आहे, शिक्षक आहे, शिट्टी आहे. शास्त्राची बाजू लंगडी आहे.

आता महाराष्ट्रातलं आजचं चित्र. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत येतात. परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने मोठा बदल केला आणि बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, एका वर्षावरून दोन वर्षांची झाली. एम.पी.एड.ही दोन वर्षांचं, चार सत्रांचं. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून होतात. लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 मध्ये स्थापलेल्या पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाचं 1977 पासूनचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय, मुंबईत वडाळ्याचं बॉम्बे फिजिकल कल्चर असोसिएशनचं महाविद्यालय ही त्यातली जुनी, नावाजलेली घरं. शिवाय विद्यापीठांचे विभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालयं. तमिळनाडूने शारीरिक शिक्षण आणि क्रीडा विद्यापीठ 2000 च्या दशकातच उभं केलं, गुजरातने 2011 मध्ये, मणिपूरमध्ये राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ 2018 मध्ये आलं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा 2020 मध्ये केला.

एम.पी.एड.चा विद्यार्थी शिकतो काय? संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, चाचणी आणि मापन, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, क्रीडा मानसशास्त्र, योगविज्ञान, दुखापती आणि पुनर्वसन. जोडीला रोजचं मैदान आणि शेवटी लघुप्रबंध. कागदावर हा अभ्यासक्रम जगातल्या कुठल्याही अभ्यासक्रमाच्या पंगतीला बसेल असा आहे. त्यात खोट काढण्यासारखं फारसं नाही.

पुढची पायरी म्हणजे महाविद्यालयातलं शारीरिक शिक्षण संचालकाचं पद. त्यासाठी एम.पी.एड., नेट किंवा पीएच.डी. एवढं पुरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे शारीरिक क्षमता चाचणीही द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने 12 मिनिटांत 1800 मीटर अंतर कापायचं, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर साडेचार फेऱ्या. तिशीपर्यंतच्या महिला उमेदवाराने 8 मिनिटांत 1000 मीटर, म्हणजे अडीच फेऱ्या. वयाप्रमाणे अंतर कमी होत जातं. इतर कुठल्या विषयाच्या प्राध्यापकाला नोकरीसाठी छातीवर नंबर लावून धावावं लागतं? या विषयात ज्ञान अंगात असावं लागतं, ही तालमीची जुनी अट विद्यापीठाने अशी जपली आहे.

ही 12 मिनिटांची चाचणी आली कुठून, ते बघण्यासारखं आहे. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांना एक अडचण होती. माणसाचं शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे कळलं की त्याचा दमसास कळतो. पण ते मोजायला ट्रेडमिल लागते, तोंडाला मुखवटा लावावा लागतो, वायूचं पृथक्करण करणारी यंत्रं लागतात. हजारो जवानांची अशी तपासणी होणं शक्य नव्हतं. कूपर यांनी हवाई दलातल्या 115 जणांना प्रयोगशाळेत तपासलं आणि त्यांनाच मैदानावर 12 मिनिटं धावायला लावलं. धावलेलं अंतर आणि प्रयोगशाळेतला आकडा यांचा मेळ इतका घट्ट बसला की पुढे यंत्राची गरजच उरली नाही. घड्याळ आणि आखलेलं मैदान पुरेसं झालं. 1968 मध्ये हे संशोधन छापून आलं आणि जगभरच्या मैदानांवर गेलं. यंत्रातलं ज्ञान फक्कीच्या रेघेवर उतरवणं, हे या शास्त्राचं सगळ्यात सुंदर काम आहे.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं. 1950 च्या दशकात डॉ. हान्स क्राउस आणि सहकाऱ्यांनी पाठ आणि पोटाच्या स्नायूंच्या सहा सोप्या चाचण्या घेऊन अमेरिकेतली आणि युरोपातली शाळकरी मुलं तपासली. युरोपातली 9 टक्क्यांहून कमी मुलं नापास झाली, अमेरिकेतली सुमारे 58 टक्के. गाड्या, टीव्ही आणि सुबत्ता असलेल्या देशाच्या मुलांना वाकून पायाची बोटं शिवता येत नव्हती. हा आकडा थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत गेला. 1956 मध्ये त्यांनी युवकांच्या क्षमतेसाठी परिषद नेमली. मग तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी देशभर चाचण्या घेऊन वयानुसार, मुलामुलींनुसार मानकं तयार केली. त्यानंतर कुठल्याही गावातला शिक्षक आपल्या वर्गातला मुलगा त्याच्या वयाच्या मुलांत कुठे बसतो, ते सांगू लागला.

ही दोन उदाहरणं मनात ठेवून आपल्या लघुप्रबंधांकडे वळू. महाविद्यालयांच्या ग्रंथालयात काळ्या-निळ्या कापडी बांधणीचे गठ्ठे असतात. बऱ्याच प्रबंधांचा साचा एकच. महाविद्यालयातलेच तीस-चाळीस विद्यार्थी घ्यायचे. दोन गट पाडायचे. एका गटाला सहा किंवा आठ आठवडे काही व्यायाम द्यायचा, दोरीवरच्या उड्या, प्लायोमेट्रिक, सूर्यनमस्कार किंवा आसनं. आधी आणि नंतर चाचणी, मग टी-टेस्ट, आणि निष्कर्ष: प्रशिक्षणाने लक्षणीय सुधारणा झाली. व्यायाम केला की क्षमता वाढते, हे तालमीतल्या उस्तादालाही ठाऊक होतं. त्यासाठी शंभर पानं लागत नाहीत.

यात विद्यार्थ्याला दोष देऊन चालणार नाही. त्याच्या हातात एकच सत्र असतं, पैसा नसतो, उपकरणं मोजकी असतात. एका मार्गदर्शकाकडे अनेक जण असतात. साचा सुरक्षित असतो. पण नाशिक जिल्ह्यातला बारा वर्षांचा आदिवासी मुलगा 600 मीटर किती वेळात धावतो, मनमाडच्या रेल्वे वसाहतीतला किती वेळात, कांद्याच्या शेतावर आईबापांना हातभार लावणारी आठवीतली मुलगी किती वेळात, याचा उपयोगी तक्ता शाळेच्या कपाटात सापडत नाही. तो असावा, हे काम याच लघुप्रबंधांचं आहे.

इथे केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ उपक्रमातल्या चाचण्यांचा उल्लेख हवा. 2019 मध्ये आलेल्या त्याच्या ॲपमुळे शाळांत उंची-वजन, 50 मीटर धाव, 600 मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर, एका पायावर तोल अशा चाचण्या होऊ लागल्या. ही फार चांगली सोय आहे. आकडा फोनमध्ये भरता येतो. पण त्या आकड्याचा अर्थ लावायला, पुढे काय करायचं ते ठरवायला शेजारी माणूस लागतो. तो माणूस म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक.

आणि नेमका तोच शाळेत कमी होत चालला आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत, असं म्हटलं आहे. गणिताला पूर्णवेळ, शरीराला अर्धवेळ. चार-पाच वर्षं मैदानावर घाम गाळलेला तरुण मग जिममध्ये ट्रेनर होतो, पोलीस भरतीचे वर्ग चालवतो, खासगी शाळेत मिळेल त्या पगारावर राहतो. काही जण प्रशिक्षक व्हायचं ठरवतात, तर त्यांना वेगळीच वाट धरावी लागते. 1961 मध्ये पतियाळ्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, तिथला पदविका अभ्यासक्रम करायचा. शिक्षकाची वाट विद्यापीठातून आणि प्रशिक्षकाची पतियाळ्यातून, अशी आपल्याकडे विभागणी आहे. शाळेत मुलांना बघणारा एक आणि खेळाडू घडवणारा दुसरा. दोघांची गाठ पडली तर पडली.

ती पडली की काय होतं, हे नाशिक जिल्ह्याने पाहिलं आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिने कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. संजीवनी जाधवही नाशिकच्याच मैदानावर घडली. 2017 मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत 10,000 मीटरचं रौप्यपदक तिने आणलं. ते पदक विद्यापीठ स्पर्धेचं होतं, हे विसरू नये. विद्यापीठाचा क्रीडा विभाग, महाविद्यालयाचं मैदान आणि जाणता प्रशिक्षक एका रेषेत आले की पाड्यावरची मुलगी जगाच्या व्यासपीठावर उभी राहते.

या मुलींसाठी शास्त्राची गरज आणखी मोठी आहे. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलीच्या रक्तात लोह किती, पाळी बंद झाली तर तिच्या हाडांचं काय होतं, तिला रोज किती खाणं लागतं, हे प्रश्न पुष्कळ घरांत आणि मैदानांवर अजून दबक्या आवाजातही विचारले जात नाहीत. ‘दम लागतो, चक्कर येते’ म्हणून मुलगी मैदान सोडते आणि सगळे म्हणतात, तिला जमलं नाही. एम.पी.एड. झालेल्या शिक्षिकेने हे प्रश्न मोकळेपणाने विचारले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एका साध्या रक्ततपासणीची चिठ्ठी दिली, तर किती मुली मैदानावर टिकतील! याच विषयावर आपल्या विद्यापीठांत पीएच.डी.ची खरी भूक असायला हवी.

तेव्हा या अभ्यासक्रमांची पाहणी करायची असेल तर काय बघावं? इमारत, जिमचं सामान, पदकांची कपाटं हे सगळं तपासणी समितीला दिसतंच. त्यापलीकडे काही गोष्टी विचाराव्यात. विद्यार्थी दोन वर्षांत प्रत्यक्ष शाळेतल्या मुलांसमोर किती दिवस उभा राहिला? शिकवणारे पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू का हे माहीत नसतं, त्याने पाच वर्षांचं संशोधन कसं आखावं? लघुप्रबंधांत त्या जिल्ह्यातली मुलं किती मोजली गेली? पदवी घेतलेला माणूस पाच वर्षांनी कुठे आहे? आणि संशोधनाचा निष्कर्ष गावातल्या शिक्षकाला वाचता येईल अशा मराठीत आला का? व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत निघू शकले, तर ‘आठवीच्या मुलांची 600 मीटरची सरासरी वेळ’ एका पानावर मराठीत छापणं अवघड नाही.

चांदवडला या कामासाठी कुणाची वाट बघत बसायची गरज नाही. 1928 मध्ये स्थापन झालेलं नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम इथे आहे. निवासी गुरुकुल म्हणून सुरू झालेली ही संस्था आज शाळेपासून अभियांत्रिकीपर्यंत पसरली आहे. तालुक्यात माध्यमिक शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, मैदानं आहेत, सातमाळ्याच्या डोंगरांवर चढणारी मुलं आहेत. जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या एम.पी.एड. महाविद्यालयांनी दरवर्षी काही विद्यार्थी एका तालुक्याला नेमून द्यावेत. एक विद्यार्थी, पाच शाळा, दोन वर्षं. तोच त्याचा लघुप्रबंध. सामान फार नाही: उंची मोजायची पट्टी, वजनकाटा, 30 मीटरची टेप, स्टॉपवॉच, फक्कीची बादली आणि एक वही. पहिल्या वर्षी मोजायचं, दुसऱ्या वर्षी त्याच मुलांना पुन्हा मोजायचं. दहा विद्यार्थ्यांनी हे केलं तर पन्नास शाळांची नोंद तयार होईल. मुलांची नावं गुप्त ठेवायची, पालकांची संमती घ्यायची आणि ज्या मुलाच्या आकड्यात काही विशेष दिसेल त्याच्या घरी शिक्षकासोबत जाऊन बोलायचं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आणि नौकानयन, धावणं, कुस्ती, नेमबाजीच्या प्रशिक्षकांना ती यादी द्यायची.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांच्यासारखी माणसं हे काम वहीशिवाय करत आली. कुठला मुलगा कशात रमेल, हे त्यांना एका तासात दिसायचं. त्यांच्या डोळ्यातलं ते ज्ञान त्यांच्याबरोबरच गेलं. नव्या पिढीच्या हाती वही आहे, टेप आहे, संख्याशास्त्र आहे.

तळेगाव रोहीच्या शाळेत एखाद्या जुलै महिन्याच्या सकाळी असा एक विद्यार्थी जाईल. मैदानावर फक्कीची रेघ मारेल. भिंतीला पाठ लावून मुलांना एकेक करून उभं करेल आणि म्हणेल, हात पसर. डाव्या हाताच्या मधल्या बोटापाशी एक खूण, उजव्या हाताच्या मधल्या बोटापाशी दुसरी. मधलं अंतर तो सेंटिमीटरमध्ये वहीत लिहील. त्याच्या पुढच्या रकान्यात उंची, वजन, 50 मीटरची वेळ, 600 मीटरची वेळ. शेवटचा रकाना तो मुलाला विचारून भरेल: तुला काय खेळायला आवडतं? आणि मग पुढच्या मुलाला हाक मारेल.